उंबऱ्याचा आकडा

जुलैचा शेवट. सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच असतो; एखाद्या दुपारी लख्ख ऊनही पडतं. तरी गावाचा जीव नदीत अडकलेला असतो. तिकडे कोयनेच्या पाणलोटात झड लागलेली, धरणाचे दरवाजे उचललेले, आणि इकडे पानपट्टीपासून बँकेच्या रांगेपर्यंत एकच प्रश्न : “आयर्विनला किती झालं?”

“38. संध्याकाळपर्यंत 40 होतंय बघा.”

बोलणं एवढ्यावर संपतं, कारण पुढचं दोघांनाही ठाऊक असतं.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा पूल. तिथं पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. बाहेरच्या माणसाला हे नुसते आकडे. सांगलीकराच्या डोक्यात मात्र प्रत्येक फुटाला एकेक गल्ली बांधलेली असते. नदीला लागून असलेल्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं आधी सामान बांधायला लागतात. मग दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता. त्यानंतर पाणी मारुती चौकाकडे कधी वळणार याचा हिशेब. दुकानातला माल माळ्यावर कधी चढवायचा, जनावरं कुणाच्या गोठ्यात नेऊन बांधायची, म्हातारीला लेकीकडे कधी पोचवायचं, सगळं त्या आकड्यावरून ठरतं.

हे डोक्यातलं कोष्टक नीट उलगडलं तर त्यात तीन गोष्टी सापडतात : पाण्याची उंची, जमिनीची उंची, आणि त्या जमिनीवर कोण राहतं ते. तिन्ही माहिती वेगळ्या जातीची. पहिली पाटबंधारे खात्याची, दुसरी भूमापनाची, तिसरी महापालिकेची. त्यांना एकत्र ओवणारा धागा एकच, जागा. संगणकावर हे ओवण्याचं काम करणाऱ्या व्यवस्थेला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. बोलताना सगळे जीआयएस म्हणतात. तीच शहराच्या कामाला जुंपली की नागरी जीआयएस.

मग डोक्यात आहेच तर संगणक कशाला? याचं उत्तर सांगलीला 2019 च्या ऑगस्टमध्ये मिळालं. 2005 च्या महापुरात आयर्विनला पाणी 54 फुटांच्या घरात गेलं होतं. तेव्हापासून ‘पाच सालची खूण’ हे गावाचं माप झालं. पाच साली पाणी ज्याच्या पायरीशी थांबलं, तो निर्धास्त होता. 2019 ला पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. तीन-साडेतीन फुटांचाच फरक. पण सपाट गावात तेवढ्यानं कितीतरी नव्या गल्ल्या पाण्याखाली जातात, आणि त्या गल्ल्यांच्या नावापुढे डोक्यातल्या कोष्टकात काहीच लिहिलेलं नव्हतं. शिवाय मधल्या 14 वर्षांत भाडेकरू बदलले, नव्या इमारती उभ्या राहिल्या, बाहेरगावची माणसं राहायला आली. ज्यानं पूर पाहिलेलाच नाही, त्याच्याकडे कोष्टक येणार कुठून? दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास येऊन गेलं.

आठवण माणसाबरोबर जाते. गावाची आठवण कागदावर आणि कागदाची नकाशावर कशी उतरवायची, हा प्रश्न एका प्राध्यापकानं आयुष्याचा विषय केला. तो सांगलीचा नव्हता, पुराचाही नव्हता. तरी त्याची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण त्याला पडलेलं कोडं आपल्या नगरपालिकांच्या कपाटांत आजही आहे.

पत्ता म्हणजे जागा नव्हे

एडगर हॉरवुड हे अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी आणि नगररचना शिकवत. 1950 चं दशक संपत होतं. अमेरिकी शहरांच्या पोटातून रुंद द्रुतगती रस्ते काढले जात होते, जुन्या वस्त्या पाडून नव्या उभारल्या जात होत्या. या रस्त्यांनी शहराच्या मध्यवस्तीचं काय होतं, यावर हॉरवुड यांनी रोनाल्ड बॉइस यांच्यासह 1959 साली पुस्तक लिहिलं. असं काही लिहायचं म्हणजे कुठल्या चौकात किती घरं, किती दुकानं, किती कर, किती रहदारी हे माहीत हवं.

माहिती होती. नको इतकी होती. करखात्याची, पोलिसांची, आरोग्य खात्याची, जनगणनेची. ती 80 रकान्यांच्या पंच-कार्डांवर भोकं पाडून ठेवलेली असे आणि यंत्र ती झरझर मोजून देई. फक्त ती शहरात नेमकी कुठली, ते यंत्राला सांगता येत नसे. कारण कार्डावर असायचा पत्ता, आणि पत्ता म्हणजे जागा नव्हे.

हे वाक्य विचित्र वाटेल. पण ‘मारुतीच्या देवळामागं, पिठाच्या गिरणीशेजारी, जोश्यांच्या बोळात’ हा पत्ता पोस्टमनला पुरतो, कारण गाव त्याच्या पायाखालचं असतं. यंत्राला पाय नाहीत. त्याला हवेत दोन आकडे : पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती. तेव्हा पत्त्याचं आकड्यांत भाषांतर करणारा दुभाषा लागतो. हॉरवुड आणि त्यांचे विद्यार्थी असे दुभाषे घडवायला लागले : रस्त्याचं नाव, त्यावरचे घरक्रमांक कुठून कुठपर्यंत, आणि त्या तुकड्याचं शहरातलं ठिकाण, अशा याद्या. यादी एकदा तयार झाली की करखात्याचं कार्ड असो नाही तर आरोग्य खात्याचं, पत्ता वाचून यंत्र ते आपल्या जागी नेऊन ठेवणार.

दुसरी अडचण, यंत्राला नकाशा काढता येत नव्हता. त्याचं छपाईयंत्र फक्त अक्षरं आणि आकडे छापी, टंकलेखनासारखी, ओळीमागून ओळ. हॉरवुड यांच्या गटानं त्याचाच उपयोग करून घेतला. कागदावर ओळी आहेत आणि रकाने आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन आकडे आधीच आहेत. शहरातला प्रत्येक भाग एका अक्षराच्या जागेवर बसवा. जिथं घरं पडकी तिथं एक चिन्ह छापा, जिथं धड तिथं दुसरं. कागद बाहेर येतो तो नकाशाच. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराच्या नूतनीकरणासाठी त्यांनी संगणकी आलेखनाचं हे तंत्र वापरलं आणि 1963 साली त्यावरचं पुस्तक काढलं.

त्याच वर्षी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॉरवुड यांनी हे तंत्र शिकवलं. ऐकणाऱ्यांत हॉवर्ड फिशर नावाचे साठीला आलेले वास्तुविशारद होते. त्यांना ते नकाशे पाहून वाटलं, याहून चांगलं करता येईल. बेटी बेन्सन या प्रोग्रॅमरच्या मदतीनं त्यांनी ‘सायमॅप’ तयार केलं. त्यात एकाच जागी अक्षरावर अक्षर छापून काळी-करडी छटा आणायची युक्ती होती. फिशर 1965 मध्ये हार्वर्डला गेले, तिथं त्यांनी संगणकी आलेखनाची प्रयोगशाळा काढली, आणि पुढच्या पिढीचे कितीतरी जीआयएसवाले त्या प्रयोगशाळेत घडले. साठीतल्या विद्यार्थ्यानं गुरूच्या पुढं जावं आणि त्याचं श्रेय गुरूकडेही राहावं, हा योग प्राध्यापकाच्या नशिबात क्वचित येतो.

पत्त्यांच्या यादीचं कामही पुढं मोठं झालं. अमेरिकेच्या जनगणना खात्यानं 1967 पासून न्यू हेवन शहरात प्रयोग केले आणि 1970 च्या जनगणनेसाठी शहरांच्या रस्त्यांची नवी नोंदवही बनवली. तिची कल्पना सोपी होती. आपल्या हरभट रस्त्याचा दोन चौकांमधला एक तुकडा घ्या. नोंदवायचं एवढंच : तुकडा कुठल्या चौकात सुरू होतो, कुठल्या चौकात संपतो, डाव्या हाताला कुठला गट, उजव्या हाताला कुठला, आणि दोन्ही बाजूंचे घरक्रमांक कुठून कुठवर. एवढ्या नोंदीवरून यंत्र घर शोधतं, रस्ता शोधतं, आणि नोंदीत चूक असेल तर तीही पकडतं, कारण गटाभोवतीचे तुकडे जोडून कडं पुरं झालं नाही तर कुठंतरी गाळलंय हे उघडच. आज फोनवर पत्ता टाकल्यावर जी टाचणी उभी राहते, तिच्या पूर्वजांत ही नोंदवही येते.

एक खुलासा इथंच करायला हवा. जीआयएसचा जनक म्हणून कॅनडाच्या रॉजर टॉमलिन्सन यांचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे. 1960 च्या दशकात त्यांनी कॅनडाच्या जमिनीची, जंगलाची, शेतीची मोजदाद करणारी पहिली मोठी प्रणाली उभी केली. पण रान मोजणं वेगळं आणि गाव मोजणं वेगळं. रानात एक थर दुसऱ्यावर ठेवला की काम भागतं : माती, उतार, पाऊस. गावात प्रत्येक चौरस फुटाला मालक असतो, भाडेकरू असतो, वाद असतो. तिथं थरांइतकंच महत्त्व नोंदीला येतं.

कारकुनांची परिषद

हॉरवुड यांचं माझ्या मते सगळ्यांत मोठं काम यंत्रावरचं नव्हे. 1963 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नगररचनेच्या माहिती-प्रणालींवर परिषद भरवली. जमलेली माणसं अगदी थोडी. मग दरवर्षी भेटायचं ठरलं, आणि 1966 मध्ये त्यातून नागरी व प्रादेशिक माहिती प्रणालींची संघटना उभी राहिली. ‘युरिसा’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते, आणि तिचा एक मानाचा पुरस्कार हॉरवुड यांच्या नावानं दिला जातो.

संघटना काढण्यात एवढं काय, असं वाटेल. पण यात मेख आहे. शहराची माहिती एका खोलीत नसतेच. ती दहा खात्यांच्या दहा कपाटांत असते आणि प्रत्येक कपाटाची किल्ली निराळ्या माणसाच्या कमरेला. यंत्र कितीही हुशार आणलं तरी करखात्याच्या बाबूनं पाणीखात्याला यादी दिली नाही तर नकाशा कोराच. हॉरवुड यांनी हे ओळखलं आणि प्राध्यापक, अभियंते, पालिकेचे नोकर यांना एका टेबलाशी बसवलं.

त्यांनी माहितीबद्दल काही तिरकस ‘नियम’ही करून ठेवलेत. त्यातल्या एकाचा आशय असा, की आजच्या संकटात हाताशी असलेली माहिती नेहमी मागच्या संकटाच्या सोयीनं गोळा केलेली असते. दुसऱ्याचा आशय, की माहिती जितकी जुनी आणि जितकी लांबची, तितकी तिची इज्जत वाढत जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ‘पाच सालची खूण’ प्रमाण मानून थांबलेल्या सांगलीकराला हे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत.

33 फुटांची साखळी

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे माहिती नव्हती असं मुळीच नाही. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी 19 व्या शतकातच झाली. तिचं हत्यार होतं शंकूसाखळी, 33 फुटांची. साखळीचे भाग 16, आणि भागाला नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. हाच आपला गुंठा. आज साताऱ्यात दीड गुंठ्याचा प्लॉट घेणारा माणूस नकळत त्या साखळीनंच मोजतो. मोजणीदारानं शेतावर उभं राहून काढलेलं टिपण, त्यावरून गावनकाशा, पुढं शहरांत नगर भूमापन, त्याचा सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयातले हे कागद पिवळे पडले असतील, पण ते काढणाऱ्यांचा हात पक्का होता.

भूगोलाच्या प्राध्यापकाकडे हा वारसा वेगळ्या वाटेनं आला. शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालयं, सांगलीचं विलिंग्डन, अभियांत्रिकीसाठी वालचंद. इथं भूगोल आणि सर्वेक्षण शिकवणाऱ्यांच्या एका पिढीनं नोकरीला लागताना मुलांना साखळी ओढायला शिकवलं, तिकाटण्यावर फळा ठेवून नकाशा काढायला शिकवलं, ट्रेसिंग पेपरवर शाईनं समोच्चरेषा गिरवून घेतल्या. निवृत्त होताना तीच माणसं संगणकाच्या प्रयोगशाळेत उभी होती. मधल्या काळात मुंबईच्या आयआयटीत 1976 मध्ये दूरसंवेदनाचं केंद्र सुरू झालं आणि तिथल्या प्रा. पी. वेंकटाचलम यांच्या गटानं ‘ग्रॅम’ ही देशी जीआयएस प्रणाली बनवली. 1988 मध्ये भारताचा आयआरएस-1ए उपग्रह आकाशात गेला, त्याच वर्षी नागपूरला राज्याचं दूरसंवेदन केंद्र आलं. 2005 मध्ये कार्टोसॅट-1 ची अडीच मीटर बारकाईची चित्रं मिळू लागली. 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रणालीनं तर महागड्या परवान्याची अडचणच मिटवली. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी आज स्वतःच्या लॅपटॉपवर जे करते, त्यासाठी हॉरवुड यांना खोलीभर यंत्र लागत होतं.

यंत्राचा प्रश्न सुटला. कोडं राहिलं ते जागच्या जागी.

एका गावाचे दोन नकाशे

साताऱ्यापासून सुरुवात करू. भूगोलाच्या पहिल्या वर्षाला सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे हाताळायला देतात. 1 सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. जुन्या मालिकेतला प्रत्येक नकाशा अक्षांश-रेखांशांच्या ठरावीक चौकटीत बसवलेला, आणि गंमत अशी, की 74 अंश पूर्व रेखांश थेट सातारा शहरातून जातो. त्यामुळे राजवाडा आणि अजिंक्यतारा 47 जी/14 या नकाशाच्या उजव्या काठाला, आणि गावाचा पूर्वेकडचा भाग 47 के/2 च्या डाव्या काठाला. सातारा पाहायचं तर दोन कागद शेजारी ठेवून कडा जुळवायच्या. रस्ता रस्त्याला जुळतो का, समोच्चरेषा रेषेला मिळते का, हे बोटानं तपासत जायचं. कागदाच्या घडीत एखादी गल्ली हमखास हरवते.

सांगलीचं नेमकं उलट. सांगली, मिरज आणि कुपवाड तिन्ही 47 एल/9 या एकाच नकाशावर गुण्यागोविंदानं नांदतात. पण दप्तरं वेगळी, कारण सांगली आणि मिरज ही 1948 पर्यंत पटवर्धनांची निरनिराळी संस्थानं होती. तिन्ही गावांची मिळून महापालिका झाली ती 1998 मध्ये. म्हणजे साताऱ्यात गाव एक आणि नकाशे दोन. सांगलीत नकाशा एक आणि गावं तीन. 1949 ते 1960 सांगली जिल्ह्याचं नावच ‘दक्षिण सातारा’ होतं, हे आठवलं की प्रशासनाच्या रेघा किती सहज सरकतात ते कळतं. नदी मात्र एकच. महाबळेश्वरहून निघून, वाई आणि माहुली करत, कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन ती सांगलीत येते.

जीआयएसमध्ये नकाशाच्या कडा जुळवणं आता सोपं झालंय. नोंदी जुळवणं नव्हे. साताऱ्याची हद्दवाढ 2020 मध्ये झाली आणि शाहूपुरी, विलासपूर असे भाग नगरपालिकेत आले. त्या भागातलं एक घर डोळ्यांपुढं आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये त्याला एक घरक्रमांक. नगरपालिकेनं घरपट्टीसाठी दिलेला मिळकत क्रमांक दुसरा. जमिनीचा गट नंबर तिसरा. विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक चौथा. चारही नोंदी खऱ्या, चारही एकाच भिंतींच्या. आणि त्या एकाच घराच्या आहेत हे चारांपैकी एकाही दप्तराला ठाऊक नाही. अशा वेळी अजिंक्यताऱ्याच्या चढावरच्या कुठल्या पेठेत पाण्याचा दाब कमी पडतो, हे तक्रारींच्या वहीतून शोधायचं म्हटलं तर वहीत फक्त नाव आणि ‘मंदिराजवळ’ एवढंच सापडतं. हॉरवुड यांच्या कार्डासारखंच.

यावरचा इलाज आता सरकारी पातळीवरही सुरू झालाय. प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला 14 अंकी ओळख क्रमांक द्यायचा, तोही त्या तुकड्याच्या अक्षांश-रेखांशांवरून बेतलेला. बोलीत त्याला ‘भू-आधार’ म्हणतात. मोजणीला आता शंकूसाखळीऐवजी उपग्रहाचा संदेश घेणारा रोव्हर येतो. पण चारही दप्तरांनी तो एकच आकडा आपापल्या रकान्यात लिहायचा, हे काम उपग्रह करत नाही. त्याला टेबलाशी बसलेली माणसंच लागतात.

शून्य कुठलं?

आता सांगलीच्या कोष्टकाकडे परत जाऊ आणि ते खरंच संगणकावर उतरवून पाहू. पहिल्यांदा वाटतं, किती सोपं! जमिनीच्या उंचीचा थर घ्या, त्यात 57 फूट पाणी ओता, बुडालं ते रंगवा. इथंच तीन ठेचा लागतात.

पहिली ठेच शून्याची. आयर्विनचे फूट हे त्या पुलाजवळच्या ठरावीक शून्यापासून मोजलेले. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली. पुलाच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मधे घातल्याशिवाय दोन्ही आकडे एकमेकांशी बोलूच शकत नाहीत.

दुसरी ठेच उताराची. वाहत्या नदीचा पृष्ठभाग बादलीतल्या पाण्यासारखा सपाट नसतो. तो वाहत्या दिशेला उतरता असतो. त्यातून सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. म्हणून आयर्विनला तोच आकडा असतानाही हरिपूर रस्त्याला दोन वेगळ्या वर्षी पाणी वेगळं लागू शकतं.

तिसरी ठेच बारकाईची. सगळ्या जगाचा उंचीचा जो मोफत नकाशा सर्रास वापरतात, तो 2000 सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातल्या रडारनं केलेल्या मोजणीवरचा. डोंगराळ कोयनानगरला तो छान चालतो. पण त्यातली चूक काही मीटरांची असू शकते, आणि सांगलीचा अख्खा प्रश्न तीन-चार मीटरांत मावतो. धोका पातळीपासून 2019 च्या पातळीपर्यंतचं अंतर जेमतेम पावणेचार मीटर. जिथं फुटाफुटानं गल्ली बदलते, तिथं मीटरची चूक असलेला नकाशा रंगीत दिसतो, पण कामाला येत नाही.

तरीही रेषा आखाव्या लागतात. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा धरतात. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधे निर्बंध. ‘100 वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे. त्याचा अर्थ एकदा आला की 100 वर्षं सुट्टी, असा नाही; दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. 2005, 2019, 2021 हे तीन पूर पाहिलेल्या गावाला ही गोष्ट वर्गात शिकवावी लागत नाही. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिनं पुराच्या कारणांचा अभ्यास केला, रेषांचा वाद पुन्हा उकरला गेला. रेषेच्या आत कुणाचं घर आहे आणि बाहेर कुणाचं, यावर लाखोंचे व्यवहार अवलंबून असतात, त्यामुळे तो वाद लवकर मिटणाराही नाही.

टेप घेऊन गल्लीत

मग प्राध्यापकानं करायचं काय? मला वाटतं, वर्गाला टेप घेऊन गल्लीत न्यायचं.

सांगलीत भिंतींवर अजून खुणा आहेत. कुठं मातीचा पट्टा रंगाखालून डोकावतो, कुठं घरमालकानं स्वतः रंगानं आडवी रेघ मारून शेजारी साल लिहून ठेवलेलं असतं. मुलांची जोडी करायची. एकानं टेपचं टोक उंबऱ्याला टेकवायचं, दुसऱ्यानं खुणेपर्यंतची उंची वाचायची. वहीत रकाने मोजके : मिळकत क्रमांक, खुणेचं साल, उंबऱ्यापासून खुणेची उंची, घरात तळमजल्यावर आजारी किंवा म्हातारं माणूस आहे का, आणि रोव्हरनं घेतलेले अक्षांश-रेखांश. दारात उभ्या राहिलेल्या आजींना विचारायचं, “आजी, पाच सालाला कुठवर आलतं?” त्या पायरी दाखवतील. तीही नोंद.

आता साधी वजाबाकी. समजा 2019 ला आयर्विनला साडे 57 फूट पाणी होतं तेव्हा एका घराच्या उंबऱ्यावर ते साडेचार फूट चढलं होतं. म्हणजे त्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते आयर्विनला साधारण 53 फूट झाल्यावर. समुद्रसपाटी नको, उपग्रह नको. नदीचा उतार, वारणेचा फुगवटा सगळं त्या खुणेत आधीच मुरलेलं आहे, कारण ती खूण नदीनंच काढली. 2005 ची आणि 2021 ची खूण मिळाली तर तोच आकडा पुन्हा काढून पाहायचा. जुळला तर भरवसा वाढतो, नाही जुळला तर वारणेला आठवायचं. वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञानं 1970 मध्ये डेट्रॉइट शहराच्या वाढीचा अभ्यास मांडताना म्हटलं होतं, की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतोच, पण जवळच्याचा जवळच्याशी जास्त. म्हणून ज्या घराला खूण नाही, त्याचा आकडा शेजारच्या दोन घरांवरून काढता येतो. जीआयएस हे काम क्षणात करतं. नकाशा भरत जातो, गल्लीगल्लीला आकडा लागतो.

या सगळ्यातून निघतं ते एका ओळीत मावणारं : प्रत्येक घराला एक आकडा. तो घरपट्टीच्या बिलावर छापता येतो, मीटरच्या पेटीवर रंगवता येतो, भाडेकरूला किल्लीबरोबर सांगता येतो. मग नव्यानं राहायला आलेल्या माणसालाही सांगलीकराचं कोष्टक मिळतं, आणि पावसाळ्यात पानपट्टीवर उभं राहून त्यालाही त्या संभाषणात भाग घेता येतो.

“आयर्विनला किती झालं?”

“48.”

“आमचा उंबरा 53 ला आहे. रात्रीतून सामान वर घेतो.”